तिसऱ्या दिवशी मासे सोडा म्हणे!

घरगुती अ‍ॅक्वापोनिक्सचा, म्हणजे खाली मासे आणि त्यांच्याच पाण्यावर वर मातीशिवाय भाज्या वाढवायचा संच घेऊन मला आता सहा महिने होतील. बॉक्स उघडल्या दिवशी लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते, आणि पोळ्याच्या आठवड्यात लिहिलं असतं तर एकही नाही. म्हणून मुद्दाम थांबले.

संचात काय मिळतं ते आधी सांगते. ८० लिटरची टाकी, तिच्या डोक्यावर भाज्यांचा ट्रे, भाजलेल्या मातीचे गोळे, पंप, बेल सायफन, बॅक्टेरियाच्या पावडरची एक पुडी आणि इंग्रजीतली छोटी पुस्तिका. ट्रे पाण्याने भरतो, सायफन तो गळ्ळकन रिकामा करतो, पुन्हा भरतो. टाकी मजबूत आहे, एक थेंब गळलेला नाही. गोळे मात्र भरपूर धुवावे लागतात. मी तीनदाच धुतले आणि पहिले दोन दिवस टाकीत चहा भरल्यासारखं दिसत होतं.

खरी गोम त्या पुस्तिकेत. ‘पुडी टाका, तिसऱ्या दिवशी मासे सोडा.’ आम्ही बर्डीवरून, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारातून, चार गोल्डफिश आणून तिसऱ्या दिवशी सोडले. पाचव्या दिवसापासून ते पाण्याच्या वर तोंड काढून हापायला लागले आणि नवव्या दिवशी चौथाही गेला. लेकीने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं केलं नाही. कंपनीला फोन केला तर ‘मॅडम, मासेच कमजोर असतील’.

मासे कमजोर नव्हते. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विष, तिसरं रोपांचं जेवण. ही वसाहत गोळ्यांवर बसायला पाच-सहा आठवडे लागू शकतात आणि तोवर मासे आपल्याच घाणीत गुदमरतात. त्यात आमच्या बिल्डिंगमध्ये महापालिकेच्या पाण्यात बोअरचं पाणी मिसळतात, पीएच (पाणी किती आम्ल, किती क्षारी याचं माप) ७.८. पीएच एकाने वाढला की त्याच अमोनियातला विषारी हिस्सा जवळजवळ दहापट होतो. यातलं एक अक्षर पुस्तिकेत नाही.

दुसऱ्या खेपेला ठरवलं, मासे न टाकताच टाकी तयार करायची. बॅक्टेरियांना अमोनियाशी मतलब, तो माशाने दिला काय नि आपण दिला काय. अमोनियम क्लोराइड हवं असं मी ह्यांना सांगत होते, तर सासूबाई आतून म्हणाल्या, “अवं, तो तं नवसागर! कल्हईवाला भांड्यात टाकायचा ना, पांढरा धूर निघे.” अगदी बरोबर. पण कल्हईच्या नवसागरात आणखी काय मिसळलेलं असेल याचा नेम नाही आणि भाजी आम्हीच खाणार, म्हणून शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना माल देणाऱ्या दुकानातून शुद्ध प्रतीचा आणला. एक बाटली जन्मभर पुरेल.

मापाची अडचण होती. ८० लिटरला २ पीपीएम (म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम) अमोनिया करायला साधारण अर्धा ग्रॅम लागतो आणि स्वयंपाकघरातल्या काट्याला अर्धा ग्रॅम कळतच नाही. मग १० ग्रॅम नवसागर एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवला. त्यातलं ५० मिली म्हणजे अर्धा ग्रॅम. औषधाच्या बाटलीवरचं माप इथे कामी आलं. जास्त घातलं तर लवकर होईल हा मोह मला झाला होता, पण ५ पीपीएमच्या वर गेलं की बॅक्टेरियाच दबतात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात केली. नळाचं पाणी आधी दोन दिवस उघड्यावर पंप फिरवत ठेवलं, क्लोरिन उडून जायला. बर्डीच्या त्याच मासेवाल्याने जुन्या फिल्टरच्या स्पंजमधला काळा गाळ एका पिशवीत पिळून दिला, पैसेही घेतले नाहीत. संचातली पुडी पहिल्या खेपेला टाकून झालीच होती. गाळात हेच बॅक्टेरिया आयते असतात, म्हणून तिच्यापेक्षा या गाळावर माझा विश्वास जास्त.

संचाबाहेर घेतलेल्या वस्तूंमध्ये सगळ्यात महाग होता पाणी तपासायचा थेंबांचा संच. मूळ अ‍ॅक्वापोनिक्स संचाच्या निम्मी किंमत, पण त्याच्याशिवाय हे करूच नका. पाण्यात बुडवून रंग पाहायच्या कागदी पट्ट्यांवर दोनदा पैसे घालवून शेवटी इथे आले. नळीतल्या पाण्यात थेंब टाकले की अमोनिया पिवळ्याचा हिरवा होतो, नायट्राइट निळ्याचं जांभळं, नायट्रेट पिवळ्याचं लाल. नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते, नाहीतर आकडा खोटा येतो. मी आठवडाभर नुसती उलटी-पालटी करत होते.

नवव्या दिवशी नायट्राइटचा पहिला जांभळट रंग दिसला. तेराव्या दिवशी पंप बंद पडला. जेमतेम तीन महिन्यांत! वॉरंटीसाठी जुना पंप आधी आमच्या खर्चाने पाठवा, मग पाहू, असं उत्तर आलं. ट्रे दोन दिवस कोरडा राहिला तर सगळी मेहनत पाण्यात. पण नागपूरच्या घरात कूलरचा पंप नसेल असं होतं का? माळ्यावरच्या कूलरमधून काढला, वाळ्याच्या काड्या वेचल्या, व्हिनेगरमध्ये बुडवून क्षार घालवले आणि लावला. तोच आजही चालतो आहे. पाणी जरा जास्त फेकतो, म्हणून बाजूने एक फाटा काढून जादाचं पाणी परत टाकीत सोडलं. पाण्यात हवाही मिसळते.

त्यानंतरचा काळ फार रटाळ. सोळाव्या दिवशी अमोनिया चोवीस तासांत शून्यावर यायला लागला आणि नायट्राइट चढतच गेलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नळीचा रंग रांगोळीतल्या जांभळ्यासारखा, तक्त्यावर त्याच्या पुढे रंगच नाही. शेजारच्या काकू रोज बाल्कनीत डोकावत, “काऊन वो, मासेच नाही तं पाणी काऊन फिरवून राहिली?” काय सांगणार!

दिवाळीनंतर सगळंच थबकलं. पीएच पाहिला तर ६.३. बॅक्टेरिया काम करता करता पाण्यातला क्षारपणा खातात आणि पीएच फार उतरला की स्वतःच सुस्तावतात. एक तृतीयांश पाणी बदललं, त्याने नायट्राइटही हलकं झालं आणि तीन दिवसांत गाडी सुरू झाली. रात्री गारठायला लागल्या होत्या, म्हणून टाकीला थर्मोकोल आणि वरून जुनी गोधडी. सदतिसाव्या दिवशी सकाळी २ पीपीएम घातलं, दुसऱ्या सकाळी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट लालभडक. पुन्हा पाणी बदललं आणि एकेचाळिसाव्या दिवशी फक्त दोन गोल्डफिश आणले. दोघेही धडधाकट आहेत.

पालक आणि पुदिना चौथ्या आठवड्यातच लावले होते, पुदिना तर आवरत नाही. सांबार, म्हणजे कोथिंबीर, छान येतो, तर्री-पोह्यांवर घरचाच. मेथीची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या. ती लोहाची कमतरता, थोडं चिलेटेड लोह (रोपांना सहज घेता येईल अशा रूपातलं) घातल्यावर सुधारली.

सायफनबद्दलही तक्रार आहे. कधीकधी झटक्यात ओढायचं सोडून नुसता ठिबकत बसतो आणि ट्रे भरलेलाच राहतो. खालच्या पाइपला हार्डवेअरच्या दुकानातला एक एल्बो, म्हणजे काटकोनात वळलेला जोड, लावला, तेव्हापासून बिनतक्रार. तो एल्बो बॉक्समध्येच द्यायला काय जात होतं?

टाकी आणि ट्रेला पाचपैकी साडेचार, पंपाला दोन, पुस्तिकेला शून्य. घेणार असाल तर थेंबांच्या संचाचे पैसे आधीच बाजूला काढा, आणि घरात लहान मूल असेल तर त्याला मासे महिना-दीड महिन्याने येतील असंच सांगा. उन्हाळ्याचं मला अजून सांगता येत नाही. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि आमची बाल्कनी पूर्वेची. हिरवी नेट आणून ठेवली आहे, होळी झाली की बांधणार.