मुंबई-गोवा क्रूझची बॅग: सुती की ड्राय-फिट?

कोकण किनाऱ्याच्या दमट हवेत अंगाला सुतीच बरं वाटतं. घाम टिपतं, चिकटत नाही. पण एकदा भिजलं की संपलं! मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना होडीत पाणी उडालं, तर जीन्सची कंबर आणि शिवणी दुसऱ्या दिवशीही ओल्याच. त्यात खारं पाणी. कापडात राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून दुपारी वाळलेला शर्ट संध्याकाळी पुन्हा दमट लागतो. गोड्या पाण्यातून दोनदा खळबळून काढल्याशिवाय सुटका नाही.

पॉलिएस्टरचा ड्राय-फिट टी-शर्ट टॉवेलमध्ये गुंडाळून पिळा, केबिनच्या बाथरूममध्ये टांगा. सकाळी बहुधा घालता येतो. चुरगळत नाही, हेही मोठंच, कारण बहुतेक जहाजांवर आगीच्या भीतीने इस्त्री नेऊ देत नाहीत. खोट म्हणजे घामाचा वास धरतो, रोज धुवावाच लागतो.

दोन रात्रींसाठी आमचं माप: डेकवर ड्राय-फिट 3, जेवणाला सुती कुर्ते किंवा शर्ट 2, पूलसाठी नायलॉनचा पोहण्याचा पोशाख 1 (सुती टी-शर्टवर सहसा उतरू देत नाहीत). एसी हॉलसाठी पातळ जाकीट किंवा शाल. जीन्स घरीच. पोहण्याचा पोशाख आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग केबिनमध्ये पोचायला कधीकधी काही तास जातात.