तीन दोरे, एक वाकळ: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

दोऱ्यावर कुणी एवढं लिहितं का, असं घरातूनच विचारून झालंय. पण माझं परभणी जिल्ह्यातल्या सेलूत ब्लाउज आणि फॉल-पिकोचं छोटं दुकान आहे, दिवस दोऱ्यातच जातो, आणि अकरा महिन्यांपूर्वी मी एक चूक केली. ती वेळीच कुणी सांगितली असती तर एक चांगलं लुगडं वाचलं असतं. म्हणून लिहितेय.

दिवाळीनंतर वाकळ, म्हणजे जुन्या कापडांचे थर शिवून केलेली गोधडी, शिवायला काढली. वर सासूबाईंचं (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) जुनं इरकली लुगडं, मधे धोतरं आणि दोन विरलेल्या चादरी, खाली दंड घातलेलं दुसरं लुगडं. आत्या आजवर साध्या सुती रिळाचा दोरा वापरत आल्या. मी म्हटलं, दुकानात पॉलिस्टर दोऱ्याचा मोठा कोन (शंकूसारखं रीळ) पडलाय, ओढून तुटत नाही, तोच घेऊ. त्या म्हणाल्या, "लई चिवट दोरा नगं बाई वाकळंला." कारण काही सांगितलं नाही. मला ते जुन्या माणसाचं हट्टाचं बोलणं वाटलं. मग तोडगा निघाला: वाकळीचे तीन पट्टे करायचे. एकात सुती, एकात पॉलिस्टर, एकात मर्सराइज्ड म्हणजे तो चमकदार सुती. टाका तिन्हींत सारखाच, धावदोरा, आणि प्रत्येक पट्ट्यात एका ठिकाणी लाल गाठ. दर महिन्याला त्याच गाठीजवळचा फोटो घ्यायचा.

आधी खरेदीचं सांगते, कारण तिथंच पहिली ठेच लागली. कोनावर ४०/२ आणि ५००० मीटर छापलेलं. दोऱ्याच्या नंबराचा हिशोब असा: एक पौंड वजनात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या बसतात तो नंबर. म्हणून नंबर मोठा तर दोरा बारीक, हे नव्या पोरींना उलटं वाटतं. ४०/२ म्हणजे चाळीस नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेले, आणि असा हजार मीटर दोरा साधारण साडेएकोणतीस ग्रॅम भरतो. पाच हजार मीटरचे झाले १४७ ग्रॅम. शेजारच्या सोनाराच्या काट्यावर भरलेला कोन ठेवला, तसलाच रिकामा कोन वजा केला, तर निव्वळ दोरा ११८ ग्रॅम. वाटलं दोरा बारीक असेल. मग दोन खुर्च्यांना दोन मीटरचा एक असे पन्नास फेरे मारून शंभर मीटर मोजला, तो २.९ ग्रॅम भरला. म्हणजे जाडी बरोबर, लांबी चार हजारांच्या आसपास. दुकानदार म्हणाला, "ताई, एवढं कोण मोजतंय." मी मोजते. कोन घेताना एकदा तरी काट्यावर टाका, एवढंच.

जळवून बघायची जुनी रीतही केली. सुती दोरा कागदासारखा वास देत जळतो आणि राख बोटात मऊ चुरते. पॉलिस्टर आखडतो, वितळतो आणि कडक मणी होतो. 'प्युअर कॉटन' लिहिलेल्या एका रिळाचा मणी झाला, ते परत केलं.

शिवताना पहिले पंधरा दिवस पॉलिस्टरच भारी वाटला. तुटत नाही, रंग उतरत नाही. मशीनवर तर प्रश्नच नाही. सुती दोऱ्याचं तूस शटलमधे साचतं आणि आठवड्याला ब्रश मारावा लागतो, पॉलिस्टरला तेवढं नाही. फक्त मशीनवरचं दोऱ्याचं टेन्शन (ताण) थोडं ढिलं ठेवायचं, नाहीतर शिवणीला चुण्या पडतात. पण हातशिलाईत तो पीळ चढून वेटोळी करतो. मेणबत्तीवरून ओढून घेतला की जरा वळणावर येतो. आणि आत्यांची एक गंमत. त्या दोऱ्याचं टोक तोंडात ओलं करून ओवतात. सुती टोक ओलं झालं की एकजीव होतं आणि नेढ्यातून सरळ जातं. पॉलिस्टरचं टोक तसंच पिंजलेलं, त्या चिडून दोरा माझ्याकडं फेकायच्या. यात त्यांच्या डोळ्यांचा दोष नव्हता. कापसाचा धागा हवेतली ओलच साडेआठ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. थुंकीला तो काय दाद देणार!

आता फोटोंबद्दल, कारण खरा निकाल त्यांनीच दिला. माझ्याकडं साधा मोबाइल आणि त्यावर लावायची क्लिपचं भिंग आहे. पहिल्या महिन्याचे फोटो बघण्यासारखे नव्हते. समोरून फ्लॅश मारला की दोरा म्हणजे नुसती पांढरी रेघ, ना पीळ दिसतो ना तूस. मग सकाळच्या वेळी दार अर्धं लावून उजेड अगदी आडवा येऊ दिला, कापडाला घासून जाईल असा. त्या उजेडात प्रत्येक टाक्याची सावली पडते आणि दोऱ्याचा पीळ दोरखंडासारखा उभा राहतो. निळ्या लुगड्यावर पांढरा दोरा असेल तर मोबाइल कापड बघून उजेड वाढवतो आणि दोरा नुसता पांढराफटक दिसतो. बोटानं उजेड खाली ओढावा लागतो. इतक्या जवळून एखादा मिलिमीटरच धारदार येतो, म्हणून श्वास रोखून दहा-बारा फोटो काढायचे आणि एक ठेवायचा. लुगड्याच्या विणीवर कधी कधी पडद्यावर पाण्यासारख्या लाटा दिसतात. त्या कापडात नसतात, विणीच्या रेघा आणि कॅमेऱ्याचे ठिपके एकमेकांत अडकल्यानं दिसतात. मोबाइल जरा तिरका केला की जातात.

तिन्ही दोरे असे शेजारी ठेवून बघण्यात मी किती संध्याकाळी घालवल्या, ते मोजलं नाही. सुती दोरा जवळून केसाळ, सुरवंटासारखा. मर्सराइज्ड गुळगुळीत. जॉन मर्सर या इंग्रजानं १८४४ साली कापूस कॉस्टिक सोड्यात घालून बघितला तेव्हा तो फुगून बळकट झाला. ताणून धरून तेच केलं की चमक येते हे पुढं १८९० च्या दशकात होरेस लो यानं दाखवलं. कापसाचा तंतू मुळात चपटा आणि पिळलेला असतो, सोड्यानं तो फुगून गोल होतो आणि उजेड सरळ परत फेकतो. सासरे बीटी कापूस यायच्या आधी 'नांदेड ४४' हे कापसाचं वाण लावायचे. शेतातल्या बोंडातून असला चपटा तंतू निघतो हे मला चाळिशीत मोबाइलच्या भिंगातून कळलं.

मार्चपर्यंत तिन्ही पट्टे सारखेच. एप्रिल-मे वाकळ गच्चीवर, रात्री अंगाखाली आणि सकाळी उशीर झाला की उन्हात तशीच. मेच्या फोटोत पॉलिस्टरच्या पट्ट्यात टाक्याच्या दोन्ही टोकांना, भोकाशी, चंद्रकोरीसारखी बारीक चीर दिसली. नुसत्या डोळ्यांना काहीच नव्हतं. जूनमधे त्या चिरा लांबल्या. दोरा जसाच्या तसा, झिजलेलं लुगडं मात्र त्यावर कातरत चाललेलं. रात्री कुस बदलताना ताण येतो तो कुठंतरी जाणारच. सुती दोरा तो ताण खाऊन तुटतो, पॉलिस्टर तुटत नाही, मग कापड फाटतं. आत्यांना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "तुटाया पायजे म्हणून तर दोरा हाय. दोरा परत घालता येतो, लुगडं कुठून आणायलीस?" हे नोव्हेंबरात सांगायला काय झालं होतं, असं मी मनात म्हटलं.

खरी परीक्षा नवरात्राच्या आधी. घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं असतं, यंदा दुधना नदीला पाणी होतं. भिजलेली वाकळ दोघींनी धरून पिळायची म्हणजे काय ताण येतो ते पिळणाऱ्यालाच माहीत. सुती दोरा ओला झाला की वाळलेल्यापेक्षा बळकट होतो, हे तिथं हाताला कळलं. तरी तो सात ठिकाणी तुटला. मर्सराइज्ड दोन ठिकाणी तुटला, पण गुळगुळीत असल्यानं गाठी सुटल्या, तो त्रास वेगळा. पॉलिस्टर एकाही ठिकाणी नाही, आणि त्या पट्ट्यात चार वीत लुगडं शिवणीच्या रेघेनं फाटून गेलं. सुती पट्ट्यातली सात ठिकाणं मी एका संध्याकाळी नीट केली. चार वीत लुगड्याला ठिगळ लावलं, ते ठिगळासारखंच दिसतं.

सुती दोऱ्याचं कौतुक करताना हेही सांगायला हवं की लाल सुतानं पहिल्याच धुण्यात धोतराच्या थरावर गुलाबी डाग सोडले. रंगीत सुती दोरा घेतला तर तुकडा आधी पाण्यात ठेवून बघा, रंग जातो का ते. पॉलिस्टरला ती काळजी नाही. दुकानातलं ब्लाउज, शाळेचे गणवेश, दप्तरांची दुरुस्ती मी अजूनही पॉलिस्टरवरच करते, तिथं सुती वापरणं वेडेपणा आहे. हल्लीच्या गोधड्या सिंथेटिक साड्यांच्या असतात, त्यांनाही तो चालेल. कापडच चिवट असतं.

वटपौर्णिमेला दुकानात मिळणारं सूत मात्र यंदा जाळून घेतलं. तीनपैकी एका गुंडीचा मणी झाला. वडाला असला दोरा गुंडाळला की तो पावसात कुजत नाही, बुंध्याला तसाच आवळून राहतो. वातींचं तर विचारूच नका.

ऑगस्टमधे नांदेडला गेले होते, तिथं मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचा झेंड्याचा व्याप आहे. झेंड्याचं कापड आपल्या उदगीरला विणतात. ध्वजसंहितेत ३० डिसेंबर २०२१ ला बदल झाला आणि पॉलिस्टरचा, मशीनवर विणलेला झेंडाही चालू लागला. स्वस्त पडतो, पावसात टिकतो, कबूल. तरी खादीच्या झेंड्याच्या कडेचा टाका मी तिथं वाकून बघितला आणि भावजयीनं मला हाताला धरून पुढं नेलं.

पुढची वाकळ काढलीय. सगळी साध्या सुती रिळावर, ४०/२ च्या दोन पदरांवर. मर्सराइज्ड फक्त कडेच्या नक्षीला, तीन गाठी मारून. उरलेला पॉलिस्टरचा कोन ब्लाउजच्या हुकांना वापरतेय. काट्यावर अजून ६२ ग्रॅम आहे.