साठीनंतरची कॉम्पॅक्ट एसयूव्ही : टर्बो की नॉन-टर्बो?

मुंबईत साठी ओलांडलेली माणसे कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतात ती बहुधा गुडघ्यांसाठी. सेदानमध्ये खाली वाकून बसावे लागते आणि उठताना दाराचा आधार घ्यावा लागतो. एसयूव्हीत खुर्चीवर बसल्यासारखे नुसते सरकून बसता येते. तेवढे ठरले की शोरूममध्ये टर्बो (धुराच्या झोताने फिरणाऱ्या चाकाने इंजिनात जादा हवा कोंबणारी) की नॉन-टर्बो हा प्रश्न येतो आणि विक्रेता अश्वशक्तीचे आकडे मांडू लागतो. माझ्या मते या वयात गाडीची ताकद किती यापेक्षा ती ताकद कोणत्या वेगाला आणि किती सहजपणे हाती येते, हे अधिक महत्त्वाचे आहे.

मारुती ब्रेझाचे १४६२ सीसीचे नॉन-टर्बो इंजिन सुमारे १३७ न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे ओढण्याचा जोर) देते, पण तो ४४०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला इंजिनाच्या तेवढ्या फेऱ्या झाल्यावर. ह्युंदाई व्हेन्यू आणि किया सॉनेट यांचे ९९८ सीसीचे टर्बो इंजिन १७२ न्यूटन मीटर देते आणि ते १५०० आरपीएमपासूनच. कागदावर सामना एकतर्फी दिसतो. मात्र १५०० च्या खाली टर्बोचे चाक फिरवण्याइतका धुराचा झोतच नसतो, त्यामुळे तिथे ते केवळ एक लिटरचे तीन सिलिंडरचे छोटे इंजिन असते. एलबीएस मार्गावर संध्याकाळी सहा वाजता गाडी नेमकी तिथेच, १५०० च्या आसपास, तासभर रेंगाळत असते.

आमच्या मुलुंडच्या इमारतीत गाड्या पोडियमवर, म्हणजे खालच्या पार्किंग मजल्यांवर, लावाव्या लागतात. रॅम्प चढा आणि वळणाचा आहे, आणि वरून गाडी येत असली की पहारेकरी शिट्टी वाजवून आपल्याला मध्येच थांबवतो. डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असलेली एक टर्बो गाडी मी तिथे चालवून पाहिली. एसी चालू होता. थांबल्यावर ॲक्सिलरेटर हलकेच दाबला तर क्षणभर काहीच घडले नाही. म्हणून आणखी दाबला, तर गाडी उसळून पुढे गेली आणि खांब हातभर अंतरावर असताना ब्रेक लागला. तरुण माणसाच्या पायाला ही सवय आठवड्यात होते. घोटा आखडलेल्या पायाला ती होईलच असे मी म्हणणार नाही. त्याच रॅम्पवर दीड लिटरची नॉन-टर्बो गाडी पाय जेवढा दाबावा तेवढीच पुढे सरकली.

अर्थात हा दोष एकट्या टर्बोचा नव्हता, आणि निवडीची खरी मेख इथेच आहे. व्हेन्यू आणि सॉनेटमधल्या डीसीटीमध्ये कोरडे क्लच असतात. मुंगीच्या चालीने जाताना ते सतत अर्धवट घसरत राहतात आणि तापतात. टॉर्क कन्व्हर्टर प्रकारच्या ऑटोमॅटिकमध्ये क्लचचे काम तेल करते, म्हणून ब्रेकवरून पाय उचलला की गाडी मऊपणे सरकते. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरच नसलेली ऑटोमॅटिक, तीही शहरात शांत चालते. एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच यंत्राने बदलणारी ऑटोमॅटिक, स्वस्त असते, पण गिअर बदलताना मान डोलावायला लावते. मानेचा पट्टा वापरणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

आता अडचण अशी की इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोड्या कंपन्यांनी आधीच बांधून ठेवल्या आहेत. व्हेन्यू आणि सॉनेटमध्ये १.२ लिटरचे नॉन-टर्बो इंजिन फक्त मॅन्युअल मिळते, त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑटोमॅटिक हवी असेल तर टर्बो घेण्यावाचून गत्यंतर नाही. ब्रेझात नॉन-टर्बोला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर मिळतो, तर एलेव्हेट आणि क्रेटात सीव्हीटी. मात्र या दोघी ४.३ मीटर लांब आहेत आणि जुन्या सोसायटीत खुणा केलेल्या जागेत त्या बसतीलच असे नाही. टर्बोसोबत टॉर्क कन्व्हर्टर हवा असेल तर फ्रॉन्क्स, कायलॅक आणि एक्सयूव्ही ३एक्सओ यांत तो मिळतो, आणि टर्बो घ्यायचीच असेल तर मी आधी याच तिघींकडे पाहीन. छोट्या टर्बोंची ही गर्दी करामुळेही आहे : २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, तर ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही केवळ इंजिन मोठे म्हणून ४० टक्क्यांत जाते.

घाटात मात्र टर्बोचे पारडे निःसंशय जड आहे. चार माणसे, सामान आणि एसी घेऊन कसारा घाट चढताना नॉन-टर्बोला खालचा गिअर टाकून इंजिन चार हजार आरपीएमवर न्यावे लागते, आणि कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीवर हात बसलेली आमची पिढी नेमके तेच टाळते. इंजिनाचा आवाज वाढला की पेट्रोल जळते आहे, या जुन्या धास्तीने आम्ही वरचा गिअर लवकर टाकतो आणि मग गाडी ओढत नाही म्हणून तक्रार करतो. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत नॉन-टर्बोची दहा टक्क्यांहून अधिक ताकद कमी होते, टर्बो ती बरीचशी भरून काढतो. गावी नाशिकला किंवा साताऱ्याला महिन्यातून एकदा जाणाऱ्याने हा फायदा सोडू नये.

देखभालीत नॉन-टर्बो अधिक सोशिक आहे. टर्बोचे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेते आणि तेलाच्या पातळ थरावर तरते, म्हणून कंपनीने सांगितलेले सिंथेटिक तेल वेळेवर बदलणे तिथे अपरिहार्य ठरते. रोज भाजी आणि नातवाची शाळा एवढाच फेरा असेल, तर तेल पुरते तापतही नाही; अशा वापरात किलोमीटरवर न जाता महिन्यांवर तेल बदलावे.

पंचावन्ननंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांसाठी होते आणि सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. खर्चाचा हिशेबही तेवढ्याच मुदतीचा करावा, आणि वाढीव वॉरंटीत टर्बो व गिअरबॉक्स येतात का, हे लेखी विचारावे. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या सर्व्हिस रोडवर होते. गाडी स्वतःच्या इमारतीच्या रॅम्पवर, एसी चालू ठेवून, मागे दोन माणसे बसवून मागा. विक्रेता कुरकुर करील, पण देतो.