राजीनाम्याआधी सीएस५०एक्स करून बघा

बँकेतली किंवा शाळेतली पक्की नोकरी सोडून प्रोग्रॅमिंगकडे वळायचं मनात असेल, तर महागड्या बूटकॅम्पचे (झटपट प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या वर्गाचे) पैसे भरण्याआधी सीएस५०एक्स हा हार्वर्डचा संगणकशास्त्राची ओळख करून देणारा मोफत ऑनलाइन कोर्स करावा. डेव्हिड मॅलन शिकवतात झकास, पण कोर्सचा जीव व्याख्यानांत नाही, गृहपाठात आहे.

सुरुवात स्क्रॅचने, म्हणजे चित्रांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्याने, मग थेट सी ही भाषा. पुढे पायथन ही भाषा, डेटाबेससाठी एसक्यूएल, वेबसाइटसाठी फ्लास्क. खरी कसोटी ‘रिकव्हर’ या गृहपाठाची. मेमरी कार्डाच्या कच्च्या फाइलमधून पुसलेले फोटो परत मिळवायचे. ५१२ बाइटांचा एकेक ब्लॉक वाचायचा. पहिले तीन बाइट एफएफ, डी८, एफएफ (सोळाच्या पटीतले, हेक्साडेसिमल आकडे) आणि चौथ्याचे पहिले चार बिट १११० दिसले की नवा फोटो सुरू. पहिला फोटो सापडायच्या आतच, म्हणजे अजून न उघडलेल्या फोटोच्या फाइलमध्ये, लिहायला गेलात की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम जागीच कोसळतो! असला दोष शोधण्यात सुट्टीची दुपार सहज जाते. त्या शोधाची गोडी लागली तर पुढे जा. नुसता वैताग येत असेल तर नोकरी धरून ठेवा.

चॅटजीपीटीकडून उत्तरं घेणं नियमात बसत नाही, आणि तसं केलंत तर स्वतःची पारखही होत नाही.

कमतरता आहेतच. दुसऱ्याचा जुना कोड वाचणं, गिटवर (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनावर) चौघांत काम करणं इथे जवळजवळ नाही. हार्वर्डचं मोफत प्रमाणपत्र मिळतं, पण मुलाखतीत विचारतात ते शेवटच्या प्रोजेक्टबद्दल. तेव्हा तिथे कामांची यादी ठेवणारं आणखी एक टू-डू लिस्ट अ‍ॅप नको. आपल्याच ऑफिसातलं एखादं किचकट काम सोपं करणारं काहीतरी बनवा.