वाजणारे बूट, गोलाई, २६० रुपये: तीन महिने वापरून

बूट म्हणून विचाराल तर ठीकच. वरचं रेक्झिन दीड महिन्यात बोटांपाशी सोललं, चिकटपट्टीत सतरंजीचे धागे अडकून ती धरायची बंद झाली आणि डाव्या पायाची शिट्टी गेली. तरी परवा मी त्याच दुकानात जाऊन एक नंबर मोठा जोड घेऊन आलो.

आमची लेक आता तीन वर्षं पाच महिन्यांची. मी लातुरात आडतीवर (शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या पेढीवर) मुनीम, त्यामुळं घरात जेवताना पण सोयाबीन-तुरीचे फोन चालू असतात. हे सांगायचं कारण पुढं येईल. एका रविवारी संध्याकाळी तिला घेऊन गोलाईत गेलो. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगतो: गंजगोलाई म्हणजे मधे मोठी गोल इमारत, तिच्या पोटात जगदंबेचं देऊळ आणि चौफेर फुटलेले सोळा रस्ते. आराखडा १९१७ सालचा. एकेका रस्त्याला एकेक बाजार. गाडी लावायची असेल तर मात्र सतरावा रस्ता शोधावा लागतो.

दुकान लहान, पाटी उन्हानं पांढरी पडलेली. बिल देत नाहीत, पाय मोजायची पट्टी नाही, ‘बसंल की’ एवढंच माप. म्हणून घरूनच कागदावर पाऊल काढून न्या, तेही संध्याकाळी. दिवसभर खेळून पाय जरा फुगलेला असतो, तेव्हा बसला तो बूट सकाळी पण बसतो. पुढं करंगळीएवढी जागा सोडा.

लेकरांत चलती दोनच जातींची, लाइटवाले आणि वाजणारे. लाइटवाल्यात टाचेवर दाब आला की आतला स्विच लागतो आणि बटणासारख्या छोट्या सेलवर दिवे चमकतात. सेल उतरला की सोल फाडल्याशिवाय बदलता येत नाही. शिवाय तो सेल लेकरानं गिळला आणि घशाखाली अडकला तर अन्ननळी जाळतो, म्हणून मी नकोच म्हणालो. वाजणाऱ्यात भानगड नाही. टाचेत फुग्यासारखी पोकळी, तिच्या तोंडाला प्लास्टिकची शिट्टी. पाय पडला की हवा सुटते, चूं. फक्त शिट्टी नखानं उचकटते का, हे दुकानातच बघून घ्या. गिळायच्याच मापाची असते.

दुकानदारांनी ३२० सांगितले. मी तोंड उघडायच्या आत लेक बाकड्यावर उभी राहिली.

“मामा, भाव काय निघाला?”

“निघाला न माय, तीनशे वीस.”

तिनं डोळे बारीक करून मान हलवली, अगदी मी फोनवर हलवतो तशी (फोनवर मान हलवून समोरच्याला काय दिसणार, हे बायको मला रोज विचारते). मग म्हणाली, “माल ओला हाय.”

दुकानदार खोक्यांच्या थप्पीला टेकून हसले. ओल्या मालाला भावात कापतात ती कटती, साठ रुपये ओलाव्यापोटी! तेरा वर्षं आडतीवर काढली, एवढी कटती मला कधी एका वाक्यात जमली नाही.

घरी आल्यावर पहिले तीन दिवस चूं चूं चूं. आबांनी कानाचं मशीन काढून ठेवलं. चौथ्या दिवशी दुपारी एकदम शांत झालं. लेकरू शांत म्हणजे काहीतरी चाललंय, म्हणून मी दारातून वाकून बघितलं. ही चवड्यावर चालत स्वयंपाकघरात निघालेली. दोन्ही हात बगळ्यागत पसरलेले, जीभ दाताखाली, डोळे शेंगदाण्याच्या लाडवाच्या डब्यावर. शिट्टी टाचेत असते हे तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं. डबा उघडला, लाडू फ्रॉकच्या खिशात घातला, झाकण अलगद लावलं. आणि परत येताना? टाचा आपटत, चूं चूं चूं, जशी काही आत्ताच अंगणातून येलाली. मला हसू आवरेना. बायको म्हणाली, “आव, हसू नका, सोकावंल.” आणि तोंड फिरवून तीच हसत बसली.

डाव्या बुटाचं कसं झालं ते पण सांगतो, म्हणजे दुकानावर उगीच आळ नको. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हापासून आमच्या आईचा हात पाण्याला आखडलेलाच आहे. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा तुळशीला जातं. अशा घरात हिनं दोन्ही बूट भरल्या बादलीत बुडवले. आई ओरडली तशी शांतपणे म्हणाली, “आज्जी, बुटाला तहान लागली होती.” यावर आईला काही बोलता येईना. तहानलेल्याला पाणी नाही म्हणायचं तरी कसं, तेही लातुरात.

बूट दोन दिवस उन्हात वाळवले. उजवा सुधारला, डाव्यातून नुसती फुस्स निघते. तिचं म्हणणं, तो झोपला हाय. त्यामुळं आता चालताना उजवा पाय पडला की बूट म्हणतो चूं, आणि डावा पडला की ती स्वतः तोंडानं म्हणते चूं. ताल चुकत नाही. पळताना दम लागतो, मग थांबते, श्वास घेते आणि डाव्यापासूनच पुन्हा सुरू करते. दुकानदार फुकट शिट्टी बदलून देतो म्हणाले, हे त्यांच्या बाजूनं नक्की लिहावं लागेल. हिनंच बूट मागं ओढून घेतला.

नव्या जोडाचे मी मुकाट्यानं २८० दिले, ती सोबत नव्हती ना. तो अजून खोक्यातच आहे. काल काढायला गेलो तर खोक्यावर मांडी घालून बसली.

“पप्पा, आत्ता नको काढू. भाव येऊ द्या.”