कोकमाच्या दुकानासाठी पेमेंट गेटवे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सावंतवाडीहून आम्ही कोकम आगळ, आमसुले, कुळथाचे पीठ आणि लाकडी खेळणी ऑनलाइन विकतो. पहिली दोन वर्षे पैसे घेण्याची आमची व्यवस्था म्हणजे व्हॉट्सॲपवर पाठवलेला क्यूआर कोड आणि ग्राहकाने उलट पाठवलेला स्क्रीनशॉट, एवढीच होती. गेल्या दिवाळीच्या गडबडीत असाच एक स्क्रीनशॉट खरा मानून २,३४० रुपयांचा माल रवाना केला, आणि रात्री हिशोब जुळवताना ती रक्कम खात्यात आलीच नसल्याचे ध्यानात आले. त्यानंतर वेबसाइटवर पेमेंट गेटवे, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेऊन ते आमच्या खात्यात पोहोचवणारी सेवा, बसवला.

कंपनी निवडताना दरांच्या आधी दोन गोष्टी पाहिल्या. तिला रिझर्व्ह बँकेची पेमेंट ॲग्रीगेटर (दुकानदारांच्या वतीने ग्राहकांचे पैसे गोळा करणारी कंपनी) म्हणून परवानगी आहे की नाही, हे बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत तपासता येते. दुसरी गोष्ट म्हणजे ग्राहकाने कार्डाचा क्रमांक नेमका कुठे टाइप करायचा. वेबसाइट बांधून देणाऱ्या मुलाचा आग्रह होता की फॉर्म आपल्याच पानावर ठेवावा, म्हणजे तो देखणा दिसेल; आम्ही नकार दिला आणि तो गेटवेच्याच पानावर ठेवला. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला ग्राहकाचा पूर्ण कार्ड क्रमांक साठवून ठेवता येत नाही, त्याच्या जागी टोकन, म्हणजे खऱ्या क्रमांकाऐवजी दिलेला पर्यायी सांकेतिक क्रमांक, वापरावे लागते. आणि जी माहिती आपल्याकडे आलीच नाही, ती आपल्याकडून चोरीला जाण्याचाही प्रश्न उरत नाही.

खरी डोकेदुखी मात्र निराळ्याच ठिकाणी निघाली. पैसे भरल्यावर ग्राहक आमच्या ‘धन्यवाद’ पानावर परत येई आणि ते पान उघडले की ऑर्डर ‘पेड’ म्हणून नोंदली जाई. पावसाळ्यात रेंज गेली की पैसे भरलेला ग्राहक त्या पानापर्यंत पोहोचतच नसे. उलट, पानाचा पत्ता ठाऊक असलेल्या कोणालाही पैसे न भरता ते उघडता आले असते. आता पैसे आल्याचे गेटवेचा सर्व्हर वेबहुकद्वारे, म्हणजे आपोआप जाणाऱ्या संदेशाने, थेट आमच्या सर्व्हरला कळवतो, आमचा प्रोग्रॅम त्या संदेशाची डिजिटल सही (तो गेटवेकडूनच आल्याची खूण) गुप्त सांकेतिक किल्लीच्या आधारे पडताळतो, रक्कम ऑर्डरशी जुळवतो, आणि मगच पार्सलचे लेबल छापले जाते. हे काम दोन दिवसांचे होते, आणि ते पहिल्याच दिवशी करून घ्यायला हवे होते.

खात्यातून पैसे गेले पण ऑर्डर झाली नाही, अशी तक्रार महिन्यातून चार-पाच वेळा येते. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवी, आणि उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. हे दोन ओळींत पेमेंटच्या पानावर लिहिल्यापासून घाबरलेले फोन बरेच कमी झाले.

दहातल्या आठ ऑर्डरी यूपीआयने येतात, आणि बँक खात्यातून होणाऱ्या त्या व्यवहारांवर आम्हाला शुल्क पडत नाही. कार्डावर २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८५० रुपयांच्या ऑर्डरीमागे सुमारे २० रुपये जातात. ते आम्ही खुशीने सोसतो. कॅश ऑन डिलिव्हरी आता फक्त जिल्ह्यापुरती ठेवली आहे, कारण परत आलेल्या आगळाच्या बाटल्या बहुधा फुटूनच येतात.

परदेशी कार्डांबाबत मात्र माझे मत बदलले. पुण्यातल्या पत्त्यावर भेट म्हणून परदेशी कार्डाने मागवलेली ६,२०० रुपयांची ऑर्डर आम्ही नीट पोहोचवली, आणि दीड महिन्याने कार्डधारकाने तो व्यवहार आपला नसल्याचे सांगून चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागितला. ओटीपीसारखी दुसरी पडताळणी भारतात दिलेल्या कार्डांना सक्तीची आहे. या कार्डावर ती झालीच नव्हती. आम्ही कुरिअरची पोच जोडली, पण माल मिळाल्याची पोच आणि कार्डधारकाची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आम्ही माल आणि पैसे दोन्ही गमावले. गेटवेच्या मदत विभागाने तब्बल नऊ दिवस एकच साचेबद्ध उत्तर पाठवले, म्हणून पाचपैकी एक गुण कापतो. आता परदेशी कार्ड पडताळणीसह आले तरच व्यवहार पुढे जातो. त्यामुळे दुबईच्या एका नेहमीच्या ग्राहकाची ऑर्डर दोनदा अडली, तेव्हा त्यांनी रत्नागिरीतल्या भावाकडून यूपीआयने पैसे भरून घेतले.