ओळीत पाच पंक्चर

मे महिन्यात आम्ही आमच्या गाडीने पुणे-औंध-कोल्हापूर असा तीन दिवसांचा फेरा केला आणि एका टायरपायी ९,३०० रुपयांना बुडालो. रक्कम काही घर बुडवणारी नाही. पण परत आल्यावर ज्याला ज्याला सांगितलं त्यातल्या निम्म्या लोकांनी “अरे, आमचंही असंच झालं होतं” म्हटलं, तेव्हा सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं. गाडी मी चालवत होते, त्यामुळे मूर्खपणात मोठा वाटा माझाच आहे.

बेत सासूबाईंचा. त्यांचं माहेर साताऱ्याकडचं, आणि औंधचं संग्रहालय त्यांनी शाळेच्या सहलीत बघितलं होतं, त्यानंतर नाही. (पुण्यातलं औंध नव्हे, पंतप्रतिनिधींचं.) लेक बारा वर्षांचा. त्याने अट घातली की एक संग्रहालय बघितलं की एक खाणं झालं पाहिजे. नवऱ्याने मान्य केलं, कारण त्याचीही तीच अट होती, फक्त बोलून दाखवायची सोय नव्हती.

पहिला दिवस झकास गेला. साताऱ्यात मोती चौकातून कंदी पेढे घेतले आणि दुपारच्या आत औंध गाठलं. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर हे संग्रहालय उभं केलं. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे ते हेच, आणि किर्लोस्करांना माळरानावरची जमीन देणारेही हेच. एवढ्याशा संस्थानाच्या गावात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही आहे. सासूबाई त्या शिल्पासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तेव्हा आम्ही याला हसलो होतो. आता नाही हसू येत.” रात्री कराडला मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी कराड सोडून कोल्हापूरकडे निघालो. सातारा-कागल रस्त्याचं रुंदीकरण किती वर्षं चाललंय देव जाणे. दर दोन-चार किलोमीटरवर वळण, खाली खडी, कुठे लोखंडाचे तुकडे. नेमकं ठिकाण लिहीत नाही, पण किणी टोलनाक्याच्या बरंच अलीकडे एका पंपावर पेट्रोल भरलं. हवा बघावी म्हणून मशीनकडे गेले, तर तिच्यावर पुठ्ठा लावलेला, ‘मशीन बंद आहे’. तिथे उभा असलेला पोरगा म्हणाला, “पलीकडं टपरीवर बघा वैनी, तिथं फुकट बघून देत्यात.”

पंपावर हवा फुकट भरून देणं ही पंपाची जबाबदारी असते, हे मला माहीत होतं. पण बाहेर एक्केचाळीस डिग्री, मागे लेक भूक भूक करतोय. कोण वाद घालणार? गेले टपरीवर.

टपरीवाला पन्नाशीचा, अंगात स्वच्छ बनियन, कपाळावर बुक्का. इतका अगत्याचा माणूस मी त्या रस्त्यावर दुसरा पाहिला नाही. सासूबाईंना “आज्जी, उन्हात नका बसू” म्हणून लिंबाखाली खुर्ची टाकून दिली, माठातलं पाणी दिलं, लेकाला कलिंगडाची फोड दिली. मग गेज लावला आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाला, “साहेब, पुढच्या डाव्या चाकात अठराच हवा आहे.” कराडहून निघताना गाडी अजिबात ओढत नव्हती. तेहतीसची अठरा झाली असती तर स्टिअरिंग हातात धरणाऱ्या मला कळलंच असतं. पण आकडा समोर दिसत होता. तो गेज लावण्याआधी व्हॉल्व्हवर वाकून बराच वेळ काहीतरी ‘साफ’ करत होता, ते तेव्हा लक्षात घेतलं नाही. व्हॉल्व्हची पिन दाबून धरली की हवा तेवढ्यातच उतरते.

मग जॅक लावून चाक काढलं. बाटलीतलं साबणाचं पाणी फवारलं, ओल्या स्पंजाने टायर पुसत चाक फिरवलं आणि “हे बघा” म्हणाला. बुडबुडे. खरंच येत होते. एक खिळाही निघाला, बारीक, गंजका. टोच्याने भोक मोठं करून रबराची चिकट वात आत सारली, वरचा तुकडा कापला. दोनच मिनिटांत, “साहेब, इथंही आहे.” मग तिसरं. मग चौथं. प्रत्येक वेळी तो स्पंज बादलीत बुडवायचा, हात पुसायला खिशातलं फडकं काढायचा, परत ठेवायचा.

सासूबाई चाकापासून चार हातांवर बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, “तो सारखा खिशात हात का घालतोय गं?”

मी म्हटलं, “आई, फडकं आहे त्याचं. बसा ना जरा निवांत.”

“फडकं बाहेर ठेवायला काय होतं त्याला?” असं पुटपुटून त्या गप्प बसल्या. पुढे तीन दिवस त्यांनी हा विषय काढला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

पाचव्या पंक्चरला त्याने मान हलवली. हा टायर आता भरवशाचा नाही, उन्हात फुटला तर गाडी पलटी होईल, लेकरू आहे गाडीत. लेकरू म्हटल्यावर आमचं डोकंच बंद झालं. स्टेपनी लावू म्हटलं, तर ती डिकीत तळाला, वर तीन बॅगा, आंब्यांची पेटी, पाण्याचा कॅन. त्याने वाकून अंगठ्याने दाबल्यासारखं केलं आणि म्हणाला, “तिच्यातबी हवा नाही साहेब.” अंगठ्याने स्टेपनीची हवा कळत नाही. सायकलची कळते.

त्याच्याकडे योगायोगाने आमच्याच मापाचा टायर होता. ‘शोरूमचा माल, एका गिऱ्हाइकाने नेलाच नाही.’ काळाभोर, चकचकीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. ४,५०० सांगितले. आमच्या टायरचे भंगारात दोनशे वजा केले. पंक्चरचे पाच गुणिले दीडशे होतात, पण “तुम्ही घरची माणसं”, म्हणून बसवण्यासकट तीनशेच घेतले. एकूण ४,६०० झाले. यूपीआयवर नाव आलं ते कुणा तिसऱ्याच माणसाचं. बिल मागितलं तर बिलबुक संपलं होतं, व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाला. निघताना नवऱ्याने त्याला नमस्कार केला आणि मी लेकाला “काकांना थँक्यू म्हण” म्हटलं.

कोल्हापुरात शिरेपर्यंत सत्तरच्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरायला लागलं होतं. खोलीवर सामान टाकलं आणि लॉजच्या मालकांनी सांगितलेल्या टायरवाल्याकडे गेलो. तरुण मुलगा, हातात चहाचा ग्लास. त्याने चाकाकडे नुसतं बघितलं आणि विचारलं, “ताई, ह्यो कुठनं घेतला?”

मी सांगितलं.

“नवीन म्हणून?”

त्याने चाक काढलं आणि उलटं करून माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं. टायरच्या बाजूला इंग्रजी अक्षरांची एक लांब ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे. तिथे ३११६ होतं. म्हणजे २०१६ सालचा एकतिसावा आठवडा. हे आकडे बहुतेक टायरांवर एकाच अंगाला असतात. टपरीवाल्याने ते अंग आतल्या बाजूला जाईल असा टायर बसवला होता, त्यामुळे बाहेरून कितीही बघितलं असतं तरी दिसलं नसतं. बसवायच्या आधी प्लॅस्टिक काढून वाचायला हवं होतं.

मग त्याने माझं बोट धरल्यासारखं एकेक दाखवलं. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, याला एकही नव्हता. चरांच्या कडा सरळ नव्हत्या, कारण झिजलेल्या टायरवर गरम पात्याने पुन्हा चर कोरले होते. टायर किती झिजला ते कळावं म्हणून चरांच्या तळाशी छोटे उंचवटे ठेवलेले असतात. ते या कोरण्यात कापले गेले होते. चमक पॉलिशची होती. त्याने बोट ओढलं तर बोट काळं झालं. कोरलेल्या जागी रबर किती उरलंय हे बघून तो नवऱ्याला म्हणाला, “घाटात नव्हता ना गेला यावर?” नशिबाने पन्हाळा दुसऱ्या दिवसावर ठेवला होता.

“आणि पाच पंक्चर?” मी विचारलं.

“ओळीत होती का, का विखुरलेली?”

आठवून बघितलं. विखुरलेली नव्हती. वीतभर अंतरात, जवळजवळ एका रेषेत होती.

“रस्त्यावर खिळं कोण रांगेत मांडतंय ताई?”

तो हसला नाही, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. स्पंजात किंवा फडक्यात टोच्या धरायचा आणि पुसता पुसता टायरमध्ये घालायचा, ही जुनी विद्या असल्याचं त्याने सांगितलं. खिळासुद्धा हातातच ठेवलेला असू शकतो. आमच्या माणसाने नेमकं काय केलं ते मी शपथेवर सांगू शकत नाही, पण खिशाकडे बघणारी एक व्यक्ती तिथे होती आणि तिला मी निवांत बसायला सांगितलं होतं. साबणाचं पाणी जोरात फवारलं की फेस कुठेही येतो, हेही त्यानेच दाखवलं. खरी गळती असेल तर फेस पुसल्यावर त्याच एका टिंबातून परत फुगत येतो. म्हणून पहिलं काम म्हणजे पुसून थांबायचं, आणि पुसायचं ते स्वतःच्या हाताने. दुसरं म्हणजे ट्यूबलेस टायरात खिळा गेला तरी बहुतेक वेळा हवा एकदम जात नाही. खिळा न उपटता हवा भरून सावकाश पुढच्या गावापर्यंत जाता येतं. हायवेवर खरंच अडकलात तर १०३३ वर फोन लागतो. तो नंबर आमच्या टोलच्या पावतीवर असणार, आम्ही कधी वाचली नाही.

नवीन टायर ४,७०० ला घेतला, छापील बिलासकट. लेकाने त्याचे केस उपटले. स्टेपनीत तीस हवा निघाली. आमचा मूळ टायर जेमतेम नऊ हजार किलोमीटर चाललेला होता. तो दोनशे रुपयांत देऊन आलो होतो. आज तो कुणाच्या तरी गाडीला असेल, पाच वाती घेऊन.

त्या रात्री ताटात तांबडा-पांढरा होता, पण जेवताना कुणी फार बोललं नाही. नवरा पांढरा रस्सा चार वाट्या प्यायला, तेवढीच वसुली.

तिसऱ्या दिवशी पन्हाळा रद्द केला, तबक उद्यान राहून गेलं. सकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध घेतलं. समोर म्हैस उभी असते, पाणी कुठे घातलं असेल हा प्रश्नच येत नाही, असं सासूबाई म्हणाल्या. टोमणा होता की नाही ते ठरवता आलं नाही. मग मिसळ खाऊन टाउन हॉलच्या बागेत जुन्या झाडांखाली बसलो आणि तिथलं संग्रहालय बघितलं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात सापडलेली पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती इथली. वीतभरही नाही, पण समुद्रदेव पंचगंगेकाठी कसा आला याचा विचार करत माणूस थांबतो. नवऱ्याने हळूच विचारलं, “हा तरी खरा आहे ना?”

येताना मुद्दाम वळून त्या टपरीवर गेलो. तिथे दुसराच पोरगा बसला होता. “ते आमच्याकडं नसत्यात.” पंपाच्या मॅनेजरने टपरीशी आमचा संबंध नाही म्हणून हात झटकले. हवेच्या मशीनवरचा पुठ्ठा त्या दिवशी नव्हता, मशीन चालू होतं. यूपीआयवर ज्याचं नाव होतं त्याचा फोन बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर त्यांनी विक्रेत्याचं नाव आणि बिल विचारलं. आमच्याकडे एक स्क्रीनशॉट होता. टायर हातात होता, पैसे आमच्या हाताने दिले होते, आणि फोटो म्हणाल तर एकच, लेकाने काढलेला, कलिंगडाचा. त्यात मागे अर्धी टपरी दिसते.

घरी जेवताना मी सासूबाईंना म्हटलं, “आई, तुम्ही तेव्हा ओरडायला हवं होतं.”

“ओरडले असते तर तू गाडीत बसवलं असतंस मला,” त्या म्हणाल्या आणि आमटी वाढायला घेतली.

लेकाला मात्र नवा छंद लागलाय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॅटरी घेऊन फिरतो, गाड्यांखाली वाकून आकडे वाचतो. काल वर येऊन म्हणाला, चौथ्या मजल्यावरच्या काकांच्या मागच्या चाकाला ०८१५ आहे. मी त्याला तसाच परत खाली पाठवला, काकांनाही घेऊन जा म्हटलं.